दोनशे बार

मकरपुऱ्यात एकवीस वर्षं
मी दाबमापकं तपासते.
काटा थरथरला की नापास,
शून्यावर परत आला नाही की नापास,
उरलेल्यांवर माझा निळा ठिपका.

तेव्हा दाब म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये,
असं मी रम्झीला म्हणाले नाही.
दाहाबच्या किनाऱ्यावर उकिडवा बसून
तोडक्या इंग्रजीत तो समजावत होता:
सिलिंडरमध्ये दोनशे बार. पन्नास उरले की वर.
आणि पहिला नियम,
श्वास कधीच रोखायचा नाही.

आमच्याकडे पाण्याचा पहिला नियम वेगळा होता:
पाण्यात जायचं नाही.
विश्वामित्रीकाठच्या पोरांना बाराखडीआधी तो येतो.
काळ्या घोड्याजवळच्या पुलावर बाबा सायकल थांबवायचे,
"तो बघ," म्हणायचे,
मला नुसता ओंडका दिसायचा.
मग ओंडका तोंड उघडायचा.

नावं ठेवण्यात बडोदं उदार.
पाणीगेट आहे, त्यात पाणी नाही.
सूरसागर आहे, तो तलाव आहे.
मकरपुऱ्यात मगरी नाहीत, व्हॉल्व्ह बनतात.
आणि मी, सागरिका दिघे,
चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत
बादलीपलीकडे कुठे बुडाले नव्हते.
सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या मे महिन्यात
लालबागच्या तलावावर नाव घातलं,
सकाळी सहाची बायकांची बॅच.

आधी तीन दिवस कैरो. एकटीच.
मांडवीच्या गल्ल्यांत हरवायची सवय असली
की कुठलाही बाजार फार परका वाटत नाही,
तांबं ठोकणारे तसेच,
भाव सांगून लगेच "बहिणीसाठी कमी" म्हणणारे तसेच.
एका म्हाताऱ्याने रस्ता दाखवला, चुकीचा,
पण इतक्या मनापासून
की मी तिकडेच गेले.
भिंतीआड डाळिंबाचं झाड होतं. बस, एवढंच.

मग समुद्र.
सात मीटरवर एक कासव माझ्या खांद्याजवळून गेलं,
घाई नसलेल्या पाहुण्यासारखं,
आणि मी आनंदाने रम्झीला अंगठा दाखवला.
पाण्याखाली अंगठा म्हणजे "वर चल".
त्याने माझं मनगट धरलं
आणि मला आनंदातून बाहेर काढलं.
वर आल्यावर दोघेही खोकेपर्यंत हसलो.
छान असेल, तो म्हणाला, तर बोटांचा गोल कर.
म्हणजे शून्य.

दुसऱ्या बुडीत बारा मीटर.
माझाच श्वास, बाहेरून ऐकू येणारा,
रात्रपाळीच्या कॉम्प्रेसरसारखा.
छातीजवळचं मापक उचलून पाहिलं:
एकशे दहा. काटा स्थिर.
कुणी तपासला असेल हा?
कुठल्या गावात, कुठल्या बाईने,
त्या दिवशी डब्यात काय आणलं असेल तिने?
मी काचेवर अंगठा फिरवला.
ठिपका नव्हता.

दगडाच्या फटीत एक जाड, पिवळट तोंड
उघडत होतं, मिटत होतं.
(मोरे ईल म्हणतात त्याला.
आमच्या स्टोअरकीपरचंही आडनाव मोरे.)
मी मागे सरकले, बाबांची पोर.
रम्झीने पाटीवर लिहिलं,
रागावला नाही. श्वास घेतोय.

परतल्यावर जिन्यातच इलाबेन: "मजा आवी?"
"आवी," म्हटलं, आणि पुढे शब्दच नव्हते,
म्हणून त्यांना खजूर दिले.
संध्याकाळी पुलावर गेले.
ओंडका होता. तोंड उघडं.
मी वाट पाहिली.
मागून रिक्षावाला ओरडला, मावशी, कडेला!
ओंडका तसाच.

सोमवारी बेंचवर चाळीस मापकं.
एकोणिसावं सोडलं दाबातून,
काटा उतरला, उतरला,
आणि शून्याच्या जरा अलीकडे थांबला.
टिचकी मारली. नाही.
थोडा वेळ हातात धरून बसले,
लंच झाला तरी.
मग लिहिलं, नापास.